स्कॅन झालं होतं, सापडत नव्हतं: १९१८ च्या कोतवाल बुकाचा माझा अनुभव

आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, मानमोडीच्या साली आपल्या घरातून एका आठवड्यात दोन तिरड्या निघाल्या. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. गेलं कोण, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी गावचं कोतवाल बुक हवं, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी दप्तरं स्कॅन झाल्याचं कळलं तेव्हा वाटलं, सांगलीत घरी बसून तासाभरात काम होईल. चार महिने लागले.

अर्ज, स्टॅम्प, ओळखपत्र हे सगळं सुरळीत झालं. अभिलेख कक्षाच्या (रेकॉर्ड रूमच्या) खिडकीवर सांगितलं, "स्कॅन झालंय, संगणकावर बघा." संगणकावर आमचं गावच नाही. परत जाऊन मूळ वही मागितली, तर म्हणे स्कॅन झालेलं दप्तर आता बाहेर काढत नाही, कागद तुटतात. कागद तुटतात हे खरंच आहे. पण स्कॅन सापडेना आणि मूळ मिळेना, मग माणसाने बघायचं तरी काय? पाच खेपा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा नेट बंद, बाकी वेळा तेच उत्तर. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

गाव का सापडत नव्हतं, ते नंतर कळलं. आमचं गाव आज कडेगाव तालुक्यात आहे, पूर्वी ते खानापूर तालुक्यात होतं. आणि १९१८ मध्ये सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं नाव १९६० ला सांगली झालं. वहीवर "तालुके खानापूर, जिल्हा सातारा" असंच होतं, तेही जुन्या मोडी लिपीत. स्कॅन करणाऱ्याला मोडी येत नसावी, त्याने फाइलींना "मोडी १", "मोडी २" अशी नावं देऊन टाकली. त्या पोराला मी दोष देत नाही. पण मोडी वाचणारा एक माणूस तेव्हा शेजारी बसवला असता, तर शेकडो गावांची साथ, दुष्काळ, जन्म, मरण आज एका क्लिकवर असतं. नाव चुकलेलं स्कॅन म्हणजे कुलूप लावलेलं दप्तरच.

शेवटी माहिती अधिकारात अभिलेख पाहणीचा अर्ज दिला, तेव्हा दार उघडलं. अभिलेख कक्षातल्या एका वयस्कर शिपाईमामांनी हाताने लिहिलेली जुनी यादी काढली आणि रुमालाचा नंबर सांगितला. (दप्तर ज्या कापडात बांधतात तो रुमाल.) नंबर दिल्यावर दहा मिनिटांत फाइल उघडली. तुम्ही जाल तेव्हा आधी यादी मागा, गावाचं नाव नंतर सांगा.

मी मोडीचा वर्ग केला होता, तरी ऑक्टोबरचं पान लावायला दोन रात्री गेल्या. आधी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली, तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांत जागा नाही. पण कारणाचा रकाना लगेच लागला: ताप. खाली ताप. त्याखाली पुन्हा ताप. अक्षर खाली खाली घाईचं होत गेलेलं. आमच्या पणजोबांची पहिली बायको, वय २२. दोन दिवसांनी "मुलगी, महिने ३". नावाची जागा कोरी.

ते पान गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. फोटो म्हणून पाठवू नका, अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रात्रीत अकरा घरांनी आपापली नावं विचारली. आणि हो, प्रत्येक अर्जाची पोच घ्या, माझी पहिली पोच नसल्याने एक महिना फुकट गेला.

त्या फाइलीला गावाचं नाव द्यावं म्हणून मी अर्ज केलाय, सोबत मी वाचलेल्या आणखी सहा वह्यांची गावं आणि रुमाल नंबर जोडलेत. नाव अजून बदललेलं नाही. सोमवारी परत जातोय.