चवळीवरचा मावा आणि त्याला खाणारे: पाचवा आठवडा

मागच्या अपडेटमध्ये शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) धरला म्हणून टेन्शन आलं होतं, तर आनंदाची गोष्ट म्हणजे काहीही न फवारता मावा खूप कमी झालाय. मधले आठ-नऊ दिवस मात्र जीव टांगणीला लागला होता, कारण माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतात, आणि इकडे मावा खाणाऱ्या लेडीबर्डला (ठिपक्यांचा छोटा भुंगेरा) अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीनेक आठवडे जातात. म्हणजे सुरुवातीला मावा पुढे पळणारच, ह्याच टप्प्यात बहुतेकजण फवारणी करतात आणि लेडीबर्डची नुकती घातलेली अंडीपण मरतात.

अंडी पानाच्या खालच्या बाजूला, पिवळी, उभी, घोळक्याने. त्यातनं निघणारी अळी भुंगेऱ्यासारखी अजिबात दिसत नाही, काळपट, लांबुडकी, नारिंगी ठिपके, छोटी मगरच जणू. नवीन लोकांनी ती नीट ओळखून ठेवा प्लीज, कीड समजून चिरडली जाते बिचारी.

पण कडेच्या तीन वेलांवर मावा हलतच नव्हता. भिंग घेऊन बसलो तेव्हा कळलं की मुंग्या. माव्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो म्हणून त्या लेडीबर्डच्या अळ्यांना चावून हाकलत होत्या. मग आधाराच्या काठ्यांना आणि खोडाला टेप गुंडाळून वर व्हॅसलिन लावलं, शेजारच्या झाडाला टेकणारी पानं छाटली, आणि दोन दिवसांनी अळ्या तिथे टिकल्या!! ह्या सीझनमध्ये मला सगळ्यात जास्त कामी आलेली गोष्ट हीच.

रात्री टॉर्च मारून बघितलं तर सिरफिड माशीच्या अळ्यापण सापडल्या, हिरवट, बिनपायांच्या, डोळे नाहीत तरी तोंडाकडचा भाग उचलून इकडेतिकडे चाचपडतात, मावा लागला की शोषून नुसतं कातडं टाकतात. मोठ्या माशीला पराग आणि मध लागतो म्हणून कोथिंबीर मुद्दाम फुलावर सोडलीय.

काही मावे फुगून तपकिरी, कडक झालेत, त्या ममी, म्हणजे आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढून मेलेले मावे. पाच ममी असलेलं पान बाटलीत ठेवून तोंडाला कापड बांधलं, चारमधून गोल भोक पाडून बारीक काळ्या गांधीलमाश्या बाहेर आल्या, इतक्या छोट्या की आधी धूळच वाटली. लगेच वेलावर सोडल्या.

आता फुलांत शेंग पोखरणारी अळी दिसतेय, फुलं जाळ्याने चिकटवून आत बसते त्यामुळे लेडीबर्डचा तिथे उपयोग नाही. मोठी गांधीलमाशी एकदा अळी ओढून नेताना दिसली, म्हणून जाळं झालेली फुलं रोज हाताने तोडतोय पण गांधीलमाश्यांना हात लावत नाहीये. लेडीबर्डचे आठ कोष पानांवर लटकलेत, ती पानं पिवळी पडली तरी काढणार नाही.