आमची वाटचाल : दुसऱ्या आवृत्तीपर्यंत टिकणारी जुळणी

आम्ही पुस्तकांची जुळणी करतो, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देतो. नवीन लेखक ऑफिसात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही पुस्तक इनडिझाइनमध्येच करता ना?" इनडिझाइन म्हणजे पडद्यावर बघत बघत पानं लावायचं सॉफ्टवेअर. त्यात काही पुस्तकं करतो, बरीचशी करत नाही. असं का, ते एकदा नीट लिहून ठेवते.

पुण्यात नारायण पेठेत आमच्या अण्णांचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, खिळ्यांचे म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खण आणि ती अक्षरं जुळवणारे दोन जुळारी. नव्वदच्या दशकात खिळे मोडीत गेले. त्यांच्या जागी संगणक, पानं लावायचं पेजमेकर आणि श्रीलिपीचे मराठी फाँट आले. मी कॉलेज संपवून कामाला बसले ती थेट पेजमेकरवरच. मॅटर ओतायचं, पानं लावायची, लेझरवर बटर पेपरचा प्रिंट काढायचा. पान डोळ्यांसमोर तयार व्हायचं याचा मला फार आनंद वाटे. अण्णा शेजारी बसून सांगायचे, "या ओळीत नद्या वाहतायत." शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक आल्या की पानात पांढरे ओघळ दिसतात, त्यांना ते नद्या म्हणत. मग मी एकेक ओळ हाताने आवळायची. पेजमेकर एका वेळी एकाच ओळीचा विचार करायचा, त्यामुळे हे काम कधी संपायचं नाही.

आम्हाला खरा धडा मिळाला तो एका मठाच्या इतिहासाच्या पुस्तकामुळे. पहिली आवृत्ती आमच्याकडेच झाली होती. दहा-बारा वर्षांनी प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीसाठी आले. सीडी सापडली, फाइलही उघडली, पण नव्या संगणकावर जुना फाँट चालेना. त्या काळच्या फाँटांत प्रत्येक मराठी आकार एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेला असे. फाँट काढला की पानावर उरायचा इंग्रजी चिन्हांचा ढीग. एक कन्व्हर्टर मिळवून मजकूर युनिकोडमध्ये आणला, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या, फाँटवर न अडणाऱ्या पद्धतीत. वरवर सगळं ठीक दिसत होतं. पण मुद्रितशोधक बाई तिसऱ्या दिवशी प्रूफं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे आचार्य भात शिजवतायत." कन्व्हर्टरने 'ऱ्य' गिळून सगळीकडे 'र्य' केला होता. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत फरक राहिला नव्हता, आणि मठाच्या पुस्तकात आचार्यही होते, आचारीही. शोधा-बदला करून हे सुटणारं नव्हतं. पुन्हा पहिल्या पानापासून मूळ प्रतीशी ताडून वाचावं लागलं. मुदत चुकली, आणि ते पैसे आम्ही प्रकाशकांकडून घेतले नाहीत. चूक त्यांची नव्हती.

त्याच सुमारास गणिताचे एक प्राध्यापक त्यांचं पुस्तक लाटेक या जुळणीच्या प्रणालीत लिहून घेऊन आले. फाइल म्हणजे साधा मजकूर, मध्ये मध्ये आज्ञा : हे प्रकरण, ही तळटीप, हे सूत्र. पान कसं दिसावं याचे नियम वेगळ्या ठिकाणी. एक आज्ञा दिली की सगळं पुस्तक एकदम जुळून पीडीएफ बाहेर. मला ते आधी आंधळं काम वाटलं. पान दिसतच नाही, तर ते सुधारायचं कसं? सरांनी मागची गोष्ट सांगितली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे आधीचे खंड शिशाच्या खिळ्यांत जुळवले होते. 1977 मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने जुळवलेली, आली आणि ती त्यांना बघवेनात. म्हणून त्यांनी स्वतः टेक ही प्रणाली लिहायला घेतली. लाटेक याच टेकवर उभं आहे. पुढे मायकेल प्लास यांच्याबरोबर त्यांनी ओळी तोडण्याची जी रीत बसवली, ती सबंध परिच्छेद एकत्र तोलते. शेवटचा शब्द बदलला तर पहिली ओळसुद्धा बदलू शकते. अण्णांना मी त्याचं एक पान दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "जुळाऱ्याने केलंय."

इनडिझाइनही आता सबंध परिच्छेद पाहतं, हे इथे सांगितलं पाहिजे. तेवढ्यासाठी आम्ही टेककडे वळलो नाही. आम्हाला हवी होती ती साधी, युनिकोड मजकुराची फाइल.

मराठीसाठी घडी बसवायला मात्र दोन वर्षं गेली. फ्रान्स वेल्टहाउस यांची टेकसाठीची देवनागरी होती, पण त्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे. आमच्या ऑपरेटर ताईंना ते सांगणं अशक्य होतं. जोनाथन क्यू यांचं झीटेक हा टेकचाच पुढचा अवतार, तो थेट युनिकोड देवनागरी घेतो, तिथून रस्ता मोकळा झाला. फाँटात सोय असेल तर भाषा मराठी म्हणून सांगायची, मग पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेबद्दलच्या 2009 च्या निर्णयातही हेच आकार आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीचा घोळ वेगळाच. युनिकोडमध्ये 'ळ' येतो 'ल'च्या लगेच नंतर. म्हणून नुसत्या संगणकी क्रमाने 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'च्या नंतर. त्यासाठी क्रमाचा तक्ता आम्ही स्वतः लिहिला. आता लेखकाने पहिल्या प्रकरणात चार परिच्छेद घातले तरी तळटिपा, संदर्भ आणि सूचीतले पृष्ठांक आपोआप सरकतात. पूर्वी ताई याच कामासाठी तीन-तीन रात्री जागलेल्या आहेत.

तरीही बालपुस्तकं, पाककृतींची सचित्र पुस्तकं आणि कवितासंग्रह आम्ही इनडिझाइनवरच करतो. चित्राला लगटून मजकूर कुठवर न्यायचा, कवितेखाली किती कोरं सोडायचं, हे बघत बघतच ठरतं. टेकची एक अडचणही आहे. शीर्षकं आणि आकृत्यांभोवतीची जागा ते ताणतं, त्यामुळे पानाच्या पुढच्या-मागच्या ओळी एकमेकींवर बसत नाहीत. पातळ कागदावर मागची ओळ दोन ओळींच्या मधून डोकावते. इनडिझाइनमध्ये ओळींची जाळी सहज लावता येते. आम्हाला टेकमध्ये सगळ्या जागा ओळीच्या पटीत बांधून घ्याव्या लागल्या, आणि अजून तक्ते आले की गडबड होते.

पैशांचं गणितही बदललं. टेकमधल्या पहिल्या आवृत्तीला आम्हाला जास्त दिवस लागतात, आणि दर पानामागे असल्याने ते बिलात दिसत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीला मात्र आम्ही फक्त दुरुस्त्यांचे पैसे लावतो. दोन प्रकाशक याच कारणाने टिकून आहेत.

मठाचं ते पुस्तक दुसऱ्या आवृत्तीनंतर आम्ही आमच्या खर्चाने झीटेकमध्ये आणून ठेवलं. यंदा त्याची तिसरी आवृत्ती निघतेय. फाइल उघडली, आज्ञा दिली, दोन ठिकाणी पॅकेजची, म्हणजे टेकला लागणाऱ्या जोडफायलींची, नावं बदलावी लागली, आणि पुस्तक जसंच्या तसं बाहेर आलं. दुरुस्त्या घातलेलं प्रूफ सध्या अण्णांकडे आहे. कालपर्यंत त्यांचे चार फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे चार गट, वाचून झाले होते.