तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी मारुती ८००, तिचं इंजिन आणि त्याची दुखणी

आमच्या दारात ९७ सालची मारुती ८०० उभी असते, कार्बोरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून देणारा जुना यांत्रिक भाग असलेली), आणि ती रोज चालते, त्यामुळे इथे साताऱ्यात ओळखीतल्या ज्या कुणाच्या पोराला गाडी शिकायचीय तो आधी मला गाठतो. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच, "जुनी ८०० घेऊ का, इंजिनला काय काय होतं तिच्या, आणि किती किलोमीटर झालेली चालेल?" एका वाक्यात उत्तर हवं तर किलोमीटर बघू नका, पाणी बघा. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून यावेळी सगळंच लिहून काढतो.

आधी इंजिन समजून घ्या, मग अर्धी दुखणी आपोआप कळतात. नाव एफ८बी, सुझुकीचं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७२ मिमी, ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा ठोकळा) बिडाचा आणि हेड (त्यावरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). एका सिलिंडरला दोन म्हणजे एकूण सहा वॉल्व, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला टायमिंग बेल्ट, चेन नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-२. ताकद कागदावर ३७ बीएचपी, टॉर्क ५९ न्यूटन मीटर, पण तो २५०० आरपीएमलाच मिळतो आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे ३७ चा आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा वाईहून पसरणी घाट चढून बघावा. चौघं बसली असतील तर एसी बंद करायचा आणि दुसऱ्या गिअरची लाज वाटून घ्यायची नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गिऱ्हाइकाला चावी दिली तेव्हा गाडीत हेच घराणं होतं, ८६ ला बॉडी बदलली, २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (सेन्सरच्या मापाने पेट्रोल फवारणारी पद्धत) आलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं तरी मूळ इंजिन तेच. ओम्नीत पण हेच, फक्त सीटखाली. मधे पाच गिअरवाली ४५ बीएचपीची ८०० निघाली होती, तिचं इंजिन बारा वॉल्वचं, एफ८डी. पार्ट आणायला जाल तेव्हा सहा वॉल्व का बारा हे आधी सांगा, नाहीतर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) घेऊन परत हेलपाटा.

आता पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं. अ‍ॅल्युमिनियम आणि बीड तापल्यावर सारखं फुगत नाहीत. नेहमीच्या तापमानात हे गॅस्केट सांभाळून घेतं, पण गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकतं, मिलिमीटरच्या अगदी छोट्या हिश्शाने, डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण तेवढं पुरतं. मग गॅस्केट उडतं, पाणी सिलिंडरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये जातं, आणि हेड उतरवून लेथवाल्याकडे फेस करायला (घासून सपाट करायला) न्यावं लागतं. ८०० चं इंजिन मरतं ते बहुतेक असं. झिजून मरणारी फार कमी, तापून मरणारीच जास्त. म्हणून घेताना गाडी थंड असताना जा, मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. रेडिएटरचं झाकण उघडा, आत गंजाचं तांबडं पाणी असेल तर समजा की वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलंय आणि आत क्षार बसलेत. ऑइलचं झाकण उघडून खालून बघा, दुधाळ चहासारखा चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, तिथनं परत फिरा. थंडीच्या दिवसांत नुसत्या वाफेनेही झाकणाला थोडं पांढरं जमतं, म्हणून डिपस्टिक पण काढून बघा, तिथेही तसंच असेल तर मात्र शंका नको. मग गाडी चालू करून रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात का ते बघा, येत असतील तर गॅस्केट गेलं.

तापण्याचं कारण शोधणं तसं सोपं आहे, कधी तापते एवढं विचारायचं. पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर पंखा बघा. या गाडीचा पंखा विजेवर चालतो, त्याला थर्मो स्विच असतो, तो स्विच नाहीतर त्याचं कनेक्शन गेलं की पंखा फिरतच नाही. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाटात किंवा हायवेला ऐंशीला काटा चढतो, तर रेडिएटर आतनं चोंदलाय. पाणी नुसतंच कमी होतंय आणि खाली ठिपका नाही, तर परत गॅस्केटकडे बोट.

आणि इथे माझं एक ठाम मत आहे, पटो न पटो. गाडी तापते म्हटलं की आपल्याकडचे बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व) काढून फेकून देतात. "काय गरज नाय त्याची आपल्या हवेत." गरज आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन वेळेवर गरम होत नाही, चोक (थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल द्यायचा खटका) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल त्या जास्तीच्या पेट्रोलने धुतलं जातं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. बरं ज्या कारणाने तापत होती ते तसंच आत. खराब असेल तर नवा टाका, गाडीतल्या सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक आहे तो. आणि पाणी नुसतं नको, कूलंट टाका. इथे बर्फ कुठे पडतो हा प्रश्न विचारू नका, कूलंट गंज थांबवायलाही असतो.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जून-जुलैत महाबळेश्वर-मेढ्याकडे एक रात्र गाडी बाहेर राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि सगळे म्हणतात इंजिनचं काम आलं. कसलं काम, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये ओल गेलेली असते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा, आतला कार्बनचा ठिपका आणि चरे बघा, प्लगच्या वायरींना चिरा आहेत का ते अंधारात गाडी चालू करून बघा, निळ्या ठिणग्या बाहेरच नाचताना दिसतात. पॉइंटवाली (डिस्ट्रिब्युटरमध्ये वीज जोडणारा-तोडणारा खटका असलेली) गाडी असेल तर पॉइंटचं अंतर ०.४ ते ०.५ मिमी, प्लगचं ०.७ ते ०.८, आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नका, कंडेन्सर बदला. मिसिंग (सिलिंडर नीट न पेटणं) कुठल्या सिलिंडरचं ते काढायला एकेक प्लगची वायर काढून बघतात, जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आळशी. जाड सुक्या कापडाने किंवा रबरी पकडीने काढा, झटका सणसणीत बसतो. आणि हे फक्त जुन्या कार्बोरेटरवाल्यावर, एमपीएफआयवर करू नका.

थरथर होते म्हणून गाडी नाकारू नका. तीन सिलिंडर, त्यात बॅलन्सर शाफ्ट नाही, म्हणजे आयडलिंगला (उभ्या जागी नुसती चालू असताना) थोडी हलणारच. पण स्टिअरिंग आणि आरसा दोन्ही नाचत असतील तर इंजिनची फाउंडेशनं (माउंटिंग हो, गॅरेजमध्ये फाउंडेशनच म्हणतात) बसलीत, नाहीतर कुणीतरी मायलेजच्या नादात आयडलिंग फारच कमी केलंय. ते साधारण ८०० ते ९०० आरपीएमला असावं.

कार्बोरेटरबद्दल लोक उगाच घाबरतात. ओव्हरफ्लो होतो तो बहुतेक नीडल वॉल्वमध्ये कचरा अडकल्याने नाहीतर फ्लोट बिघडल्याने, आयडलिंगला बंद पडते ती स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक) चोंदल्याने किंवा ज्यात सोलेनॉइड आहे त्यात तो गेल्याने. साफ करणारा माणूस जाणकार हवा एवढंच, दिसेल तो स्क्रू फिरवणारा नको. मात्र मेकॅनिकल पेट्रोल पंपाकडे जरूर लक्ष द्या. आतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय, तर गाडी तिथेच बंद, पंप बदला, ऑइल बदला, मगच सेल्फ. पातळ ऑइलवर चालवलीत तर बेअरिंग जातील.

धुराचं थोडक्यात. सकाळी चालू करताना निळा भपका आला आणि मग साफ झालं, तर वॉल्व सील, हे परवडणारं काम आहे. चालवताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे निळे ढग, तर रिंगा, इंजिन बोअरला (सिलिंडर कापून मोठे करायला) आलंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. टॅपेट (वॉल्व दाबणारे भाग) थोडे वाजत असतील तर चालतं, ते थंड इंजिनावर गेज लावून सेट होतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकाला नीट सांगता आलं नाही तर घेतल्यावर पहिलं काम ते, टेन्शनरसकट.

आता नवीन भर म्हणजे ई२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०२५ पासून पंपावर जवळपास तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा बघून बदलून घ्या. शिवाय कार्बोरेटरला सेन्सर नाही, पेट्रोल बदललं हे त्याला कळत नाही, तो जुन्याच मापाने देत राहतो आणि मिश्रण हलकं (हवा जास्त, पेट्रोल कमी) पडतं, म्हणजे ओढ कमी आणि इंजिन जरा जास्त गरम. गाडी महिनाभर नुसती उभी ठेवणार असाल तर सगळ्यात वाईट, आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा.

मग कुठली घ्यायची, कार्बोरेटरवाली का एमपीएफआय? मला कार्बोरेटर आवडतो पण माझी आवड तुमच्या गळ्यात कशाला. तुमच्या गावात पन्नाशीच्या पुढचा, जेट हातात धरून उजेडात बघणारा मेकॅनिक असेल तर कार्बोरेटरवाली बिनधास्त घ्या. नसेल तर २००० नंतरची एमपीएफआय, तिला थ्रॉटल बॉडी साफ ठेवणं आणि टाकी कोरडी न पडू देणं (पंप टाकीत असतो, पेट्रोलनेच थंड होतो) एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. कुठलीही घ्या, बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढची असणार, तेव्हा व्यवहाराआधी आरसी बुकावर फेरनोंदणी कधीपर्यंत आहे आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. आणि बघायला जाताना सकाळी लवकर जा, बॉनेटवर हात ठेवून गार लागतंय याची खात्री करूनच पहिला सेल्फ मारायला सांगा.