क्रेऑन आधी कुठे गेला?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा शाळेविषयी पुष्कळ काही आठवेल असे वाटले होते. प्रत्यक्षात मराठीच्या बाई आणि त्यांनी नववीत ऑफ तासाला सांगितलेली प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची 'अँटिगनी' ही शोकांतिका यांपलीकडे लेखणी सरकत नाही.

थीब्झ या ग्रीक नगरावर परके सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत उघड्यावर पडू द्यावे, असा राजा क्रेऑनचा हुकूम. बहीण अँटिगनीने तो मोडून भावावर माती लोटली. सारा वर्ग साहजिकच तिच्या बाजूचा. बाईंनी मात्र क्रेऑनची बाजू इतक्या मनापासून मांडली की, कालच युद्ध संपलेल्या नगरात नव्या राजाने आक्रमकाला आणि नगराचा रक्षणकर्ता ठरलेल्या त्याच्या भावाला सारखाच मान देणे सोपे नव्हते, हे आम्हाला पटू लागले.

पुराच्या काठची वाकणारी झाडे तगतात, अडून राहणारी मुळांसकट जातात, असे क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापाला बजावतो. ते ऐकताच मागच्या बाकावरून कोणीतरी 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' म्हटले. बाई खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "मग अँटिगनी तरी कुठे वाकते?" खरेच होते. सोबत मरायला तयार झालेल्या बहिणीला, इस्मीनीलाही ती झिडकारते, आणि ही बापासारखीच हट्टी, असे वृद्धांचा कोरस म्हणतो.

आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्या भाकिताने हादरलेल्या क्रेऑनला हेच वृद्ध सांगतात, की शिक्षा म्हणून गुहेत जिवंत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव आणि प्रेताला मूठमाती दे. तो आधी प्रेताकडे जातो. गुहेपाशी पोहोचतो तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. "आधी प्रेताकडे का?" या बाईंच्या प्रश्नावर तास संपला. (त्या ऑफ तासाला आता सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात, असे कळते.)

महसूल खात्यातून उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत अनेक हुकमांवर मी सह्या केल्या, आणि माझे मत असे झाले, की क्रेऑन बदललाच नव्हता: आधी तो नगराच्या नावाने हुकूम काढत होता, नंतर देवांच्या धाकाने धावला, पण जिवंत माणसाचा क्रमांक दोन्ही वेळा मागेच राहिला. बाईंना हे उत्तर पुरले नसते. अँटिगनीनेही मेलेल्या भावापुढे जिवंत बहिणीचा विचार कितीसा केला, असे विचारून त्यांनी मला उभेच ठेवले असते.