ल्यूसी डिलन आणि तिचं लोणी

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला बॅस्टिल, गिलोटिन आणि मेरी आंत्वानेत एवढंच आठवतं, पण जे उमराव जीव वाचवून पळाले त्यांचं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज ल्यूसीबद्दल लिहितेय. माझी फार आवडती बाई आहे ही.

पूर्ण नाव हेन्रिएट-ल्यूसी डिलन, जन्म 1770 चा, पॅरिसचा. घराणं मूळचं आयरिश, वडील आर्थर डिलन फ्रेंच सैन्यात जनरल. 1787 मध्ये लग्न झालं आणि ती ला तूर द्यू पँ घराण्याची सून झाली. व्हर्सायला राणीच्या खास मानकरणींमध्ये तिची वर्णी लागली आणि दोनच वर्षांत सगळं कोसळलं. सासरे तेव्हा युद्धमंत्री होते. पुढे राणीच्या खटल्यात त्यांना साक्षीला आणलं तेव्हा त्यांनी भर कोर्टात तिला अगदी पूर्वीसारखं लवून अभिवादन केलं, त्या वातावरणात हे करायला काय छाती लागत असेल! 1794 च्या एप्रिलमध्ये वडील आणि सासरे दोघांनाही गिलोटिनवर चढवलं.

ल्यूसी तोवर निसटली होती. नवरा बोर्दोच्या बाजूला एका कुलपं बनवणाऱ्याच्या घरात लपलेला, ही बोर्दो शहरात दोन लहान मुलं घेऊन, त्यातली सेराफिन तर अंगावर पिणारी. शेवटी तेरेझा काबारूस हिच्या मदतीनं कागदपत्रं मिळाली (क्रांतिकारी सरकारचा तिथला प्रतिनिधी तालियँ तिच्या प्रेमात होता, त्यामुळे तिचा शब्द चालायचा) आणि मार्चमध्ये डायना नावाच्या छोट्याशा अमेरिकन जहाजावर हे चौघं बसले. बोस्टनला पोचायला साधारण दोन महिने लागले, खायला धड नाही, दूध पाजणारी बाई आणि पुढ्यात दगडासारखी बिस्किटं. केसांचा इतका गुंता झाला की तिनं सरळ कात्री घेतली, केस कापले आणि समुद्रात टाकले. नवरा चिडला, पण ती लिहिते की केसांबरोबर डोक्यातले सगळे पोकळ विचारही पाण्यात गेले.

मग अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं ऑल्बनी. तिथे जनरल स्कायलर यांच्या कुटुंबानं आधार दिला आणि जवळच्याच ट्रॉय गावापाशी यांनी शेत घेतलं. आणि इथे मला ती खरी भेटते. तिथल्या शेतकरणींसारखा जाड लोकरी पट्ट्यापट्ट्यांचा स्कर्ट घालून ती गोठा बघायची, स्वयंपाक करायची, लोणी काढायची. लोण्यावर घराण्याच्या अक्षरांचा ठसा उमटवायची आणि ते इतकं स्वच्छ, नीटनेटकं असायचं की बाजारात त्याला मागणी होती. एकदा ती अंगणात हातात कुऱ्हाड घेऊन मटणाची तंगडी तोडत असताना मागून आवाज आला की इतक्या रुबाबात हे काम करताना कुणाला पाहिलं नाही. वळून बघते तर तालेराँ, फ्रान्सचा तो प्रसिद्ध मुत्सद्दी! तोही तेव्हा देशाबाहेर परागंदाच होता.

पण त्याच शेतावर गुलामही होते, आणि ही गोष्ट मी गाळणार नाही. चार जण विकत घेतले होते, मिंक नावाचा तरुण, त्याचे वडील प्राइम, ज्युडिथ वगैरे. ती त्यांच्याशी चांगलं वागली, 1796 मध्ये परत निघताना सगळ्यांना मुक्त केलं, तो दिवस तिनं फार जीव ओतून लिहिलाय. तरीही मला ते वाचताना त्रास होतोच, जिनं स्वतः सगळं गमावलं तिलाही माणसं विकत घेण्यात सुरुवातीला काही वावगं वाटलं नाही. तिच्याबद्दलचा आदर त्यानं संपत नाही, पण तो डाग पुसलाही जात नाही.

छोटी सेराफिन तिथेच गेली, 1795 मध्ये. मूल पुरलेली जमीन मागे सोडून परत जायचं. आणि फ्रान्सला जाऊनही स्थैर्य नाहीच, 1797 मध्ये पुन्हा सत्तापालट झाला आणि यांना इंग्लंडला पळावं लागलं. नंतर नेपोलियनच्या काळात नवरा ब्रसेल्सला प्रीफेक्ट (म्हणजे सरकारनं नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख) झाला, पुढे राजदूतही झाला. पण मोठा मुलगा ऑंबेर 1816 मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला, मुलीही गेल्या. उरला फक्त धाकटा एमार, आणि तोही 1832 च्या राजनिष्ठांच्या उठावात सापडला, म्हणून म्हातारपणी परत देश सुटला. नवरा 1837 मध्ये लोझानला वारला, ती 1853 मध्ये पिसाला, वय 83.

आठवणी लिहायला तिनं 1820 मध्ये घेतल्या, पन्नाशीला आल्यावर, आणि त्या 1815 पाशी येऊन थांबतात. म्हणजे ऑंबेरचं जाणं, मुलींचं जाणं तिच्या शब्दांत त्यात येतच नाही, याची मला फार चुटपुट लागते. छापून आलं ते थेट विसाव्या शतकात, तिच्या पणतवामुळे. कुणीतरी हे मराठीत आणायलाच हवं, सगळं जमणार नसेल तर निदान ट्रॉयच्या शेतावरची प्रकरणं तरी.