मेलबर्नचा उन्हाळा: आकडा बघून ऊन, झेंडे बघून समुद्र

मेलबर्नमध्ये उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. शाळांची मोठी सुट्टी, नाताळ, बॉक्सिंग डेची कसोटी, संक्रांत, ऑस्ट्रेलियन ओपन, सगळं या तीन महिन्यांत दाटीवाटीनं येतं. रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. ऑफिसातून घरी यावं, मुलांना गाडीत बसवून समुद्रावर न्यावं, पोहावं, खावं आणि उजेडातच परतावं, इतकी लांबलचक संध्याकाळ हाताशी असते. रत्नागिरीत वाढलेल्या मला उन्हाळा म्हणजे आंबे आणि घाम एवढंच माहीत होतं. इथे लोक हिवाळाभर उन्हाळ्याची वाट बघतात, आणि आता मीही बघते.

पण इथल्या उन्हाळ्याचं सुख हवं असेल तर त्याच्या खोडी आधी ओळखाव्या लागतात. कोणी पाहुणे यायचे म्हणाले की मी पहिली गोष्ट हीच सांगते: ऊन वेगळं आणि उकाडा वेगळा. आपण ऊन चटक्यावरून ओळखतो. अंग भाजायला लागलं की सावलीत जातो, गार वाटलं की निर्धास्त असतो. मेलबर्नमध्ये जानेवारीतला एखादा दिवस २२ अंशांचा असतो, समुद्रावरून झोंबरा वारा येतो, अंगात पातळ जॅकेट असतं आणि अतिनील किरणांचा निर्देशांक, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं यूव्ही म्हणतात तो, ११ असतो. अशा दिवशी गोरी कातडी पाव तासात लाल होऊ शकते आणि आपली रापते, पण त्या वेळी कळत काहीच नाही.

अथेन्स विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, साधारण तितकंच मेलबर्न दक्षिणेला. तरी इथलं ऊन जास्त कडक, याला कारणं आहेत. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, नेमकी दक्षिण गोलार्धाच्या भर उन्हाळ्यात. शिवाय इकडे वरचा ओझोनचा थर तुलनेनं पातळ आणि हवा स्वच्छ, त्यामुळे किरणं अडतात कमी. घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे केलेलं असतं, म्हणून सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास. चारला ऊन उतरलं असेल असं आपल्याला वाटतं, ते उतरलेलं नसतं. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक समजायचं.

यूव्ही ३ किंवा त्याहून वर गेला की अंग सांभाळायचं, हा इथला नियम. हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर हा आकडाही असतो आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत जपायचं तेही सांगतात. ऑस्ट्रेलियात दर तिघांतल्या किमान दोघांना वयाच्या सत्तरीपर्यंत त्वचेच्या कर्करोगाचा कुठला ना कुठला प्रकार होतो. बहुतेक प्रकार वेळेत सापडले तर बरे होणारे आहेत, पण आकडा केवढा मोठा आहे ते बघा. म्हणूनच १९८१ मध्ये व्हिक्टोरियातल्या (मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या) कर्करोग संस्थेनं टीव्हीवर एक नाचणारा सीगल आणला: स्लिप, स्लॉप, स्लॅप. शर्ट चढवा, क्रीम फासा, टोपी घाला. पुढे त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा हेही आलं. आज इथली पोरंसोरंसुद्धा हे घडाघडा म्हणतात. प्राथमिक शाळेत टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही, छपराखाली बसावं लागतं. कातडी रापवून घेण्याच्या यंत्रांच्या दुकानांवर व्हिक्टोरियात २०१५ पासून बंदी आहे. सनस्क्रीनवर जीएसटी नाही. सरकारनं आणि शाळेनं मिळून एका पिढीची सवय बदलली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

सनस्क्रीन किती लावायचं, हे मात्र आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मोठ्या माणसाला सात छोटे चमचे लागतात, साधारण ३५ मिलिलिटर: दोन हातांना दोन, दोन पायांना दोन, पोट-छातीला एक, पाठीला एक आणि चेहरा, मान, कान मिळून एक. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, आणि मग दर दोन तासांनी पुन्हा. पोहून आलात, अंग पुसलंत की लगेच पुन्हा. या हिशेबानं ११० मिलिलिटरची ट्यूब एका माणसाला तीन वेळा पुरते. म्हणूनच इथे पंप असलेली लिटरची बाटली दारात चपलांच्या कपाटावर असते. ती गाडीत ठेवू नका. ३० अंशांच्या वर तापली की क्रीम बिघडतं, आणि बंद गाडी केवढी तापते ते सांगायला नको. क्रिकेटपटूंच्या नाकावर आणि ओठांवर पांढरा पट्टा दिसतो ना, ते झिंक. मुलांना तेच रंगीत मिळतं आणि ती हौसेनं लावून घेतात.

आपली कातडी सावळी, आपल्याला काय होणार, असं ओळखीतले बरेच जण म्हणतात. मेलॅनिनमुळे काही प्रमाणात संरक्षण मिळतं हे खरं आहे. पण वांग आणि काळे डाग आपल्यालाच जास्त सतावतात, डोळ्यांना रंगाचं चिलखत नसतं, आणि सावळ्या माणसांत त्वचेचा कर्करोग कमी आढळत असला तरी तो उशिरा लक्षात येतो. तळपायावर, नखाखाली नवा काळा डाग दिसला तर दाखवायला जा. याची दुसरी बाजूही आहे. ड जीवनसत्त्व तयार व्हायला सावळ्या त्वचेला ऊन जास्त लागतं, आणि मेलबर्नच्या हिवाळ्यात यूव्ही ३ च्या खालीच राहतो. तेव्हा क्रीम बाजूला ठेवून दुपारी खुशाल उन्हात बसावं. ज्यांच्या रक्तात ते कमी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, भर उन्हाळ्यात तासन्‌तास तापत बसणं हा त्यावरचा उपाय नाही. आणि हो, पुण्या-मुंबईतही एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा ११-१२ च्या घरात असतो. फोनमधल्या हवामानाच्या पानावर तो दिसतो. एकदा बघा.

आता उकाडा. तो उत्तरेकडून येतो. देशाच्या मधल्या वाळवंटावरून वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ लागते आणि पारा चाळिशी गाठतो. त्या दिवशी सकाळी सातलाच खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, ब्लाइंड खाली सोडायची, आणि वारा नैऋत्येकडून फिरेपर्यंत दार उघडायचं नाही. वारा फिरला की तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. इथे त्याला कूल चेंज म्हणतात. सगळा मोहल्ला एकदम खिडक्या उघडतो, शेजारी गवतावर खुर्च्या टाकून बसतात. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली आणि राज्य ते अजून विसरलेलं नाही. म्हणून ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवायचा नाही, रानाकडे सहलीला जायचं नाही. यात कोणी सूटही मागत नाही.

अशा दिवशी स्वयंपाकघरात कोण उभं राहणार? दहीभात, काकडीची कोचवलेली कोशिंबीर, दडपे पोहे, टरबुजाच्या फोडी. पातेलंभर सोलकढी फ्रिजमध्ये. आमसुलं आणि आगळ डँडेनाँगच्या भारतीय दुकानांत मिळतं, कैऱ्या स्प्रिंगव्हेलच्या व्हिएतनामी भाजीवाल्यांकडे, म्हणजे पन्ह्याचीही सोय होते. आंबे दिवाळीच्या सुमारास डार्विनकडून यायला लागतात, मग क्वीन्सलंडचे. केनसिंग्टन प्राइड हा त्यातला माझा आवडता. तो हापूस नाही, हे रत्नागिरीच्या माणसानं सांगायलाच हवं, पण वास दरवळणारा आहे. रेषा थोड्या असतात, त्यामुळे रस चाळणीतून काढायचा, चिमूटभर सुंठ घालायची. नाताळच्या दुपारी आमरस-पुरीचं ताट आमच्याकडे ठरलेलं आहे.

रत्नागिरीच्या माणसाला दुसरा दिलासा मासळीत आहे. किंग जॉर्ज व्हायटिंग हा इथला नामांकित मासा आपल्या मुडदुशीच्याच कुळातला. तसाच निमुळता, तसंच पांढरं, गोडसर, नाजूक मांस. हळद, मीठ, तिखट, आगळ लावून पाच मिनिटं ठेवायचा, तांदळाच्या पिठात हलकेच घोळवायचा आणि कमी तेलात परतायचा. जास्त मसाला चोळलात तर माशाची चव मरते.

बागांतल्या आणि समुद्रकाठच्या बार्बेक्यूबद्दल मी घरच्यांना कितीदा सांगितलंय तरी त्यांना खरं वाटत नाही. नगरपालिकेनं बसवलेला स्टीलचा मोठा तवा, खाली विजेचा हीटर, बाजूला एक बटण. दाबलं की तापतो, काही वेळानं आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचं. पैसे नाहीत. खाऊन झालं की तवा पुसून ठेवायचा, पुढचा माणूस रांगेत असतो. त्यावर आधी कोणी काय भाजलंय ते माहीत नसतं, म्हणून शाकाहारी मंडळी ॲल्युमिनियम फॉइल अंथरतात. फॉइलला तेलाचा हात लावून त्यावर थालीपीठ थापायचं, बोटानं भोकं पाडायची, भोकांत तेल सोडायचं. भाजणीत किसलेलं झुकिनी घातलं तर काकडीपेक्षा मऊ होतं. शेजारी कणसं फिरवत ठेवायची, पलीकडच्या कोपऱ्यात मालवणी मसाला लावलेल्या कोलंब्या. वासानं अनोळखी माणसंही थांबतात, चव बघतात आणि बदल्यात त्यांच्या एस्कीतलं, म्हणजे बर्फाच्या पेटीतलं, गार पेय देतात.

संक्रांत इथे ऐन उन्हाळ्यात येते. तिळाचा उष्णपणा जानेवारीच्या थंडीसाठी, त्यामुळे चाळीस अंशांत तिळगूळ देताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण देते. वाळवणाला मात्र हाच महिना. हवा इतकी कोरडी असते की साबुदाण्याच्या पापड्या सकाळी प्लास्टिकवर घातल्या तर दुपारी उलटता येतात आणि संध्याकाळी खणखणीत वाजतात. कागदाच्या चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, नाहीतर उत्तरेचा वारा सगळं कुंपणापलीकडे नेतो. वर मच्छरदाणीचा तुकडा, मॅगपाय पक्ष्यांनी चोच मारू नये म्हणून. पापड्या घालायच्या त्या टोपी घालून, आणि यूव्ही ३ च्या वर जायच्या आत.

समुद्राचं आता गंभीरपणे सांगते. मेलबर्न शहराला लागून असलेला उपसागर शांत आहे, सेंट किल्डा, ब्रायटन, मॉर्डिआलक इथे लहान मुलं मजेत डुंबतात. पण मॉर्निंग्टन द्वीपकल्प ओलांडून खुल्या समुद्राच्या बाजूला गेलात की पाणी निराळं. १७ डिसेंबर १९६७ ला देशाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट शेव्हिऑट बीचवर पोहायला गेले ते सापडलेच नाहीत, आणि ते सराईत पोहणारे होते. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडवर जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर आपल्याच देशातली मुळं असलेली चार माणसं एका दुपारी गेली. ती बातमी आठवली की अजून घसा दाटून येतो. म्हणून एवढं पाळा: लाल-पिवळे झेंडे जिथे लावलेत त्या दोन झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं. झेंडे नसतील तर वाळूत बसायचं, पाण्यात जायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गडद, सपाट, शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच धोक्याचा. पाणी तिथून परत समुद्रात ओढलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. तरंगत राहा, एक हात वर करा, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. आणि मोठ्यांनीही पोहणं शिका. इथल्या जलतरण तलावांवर प्रौढांचे वर्ग असतात, साडीतून थेट पोहण्याच्या पोशाखात न येता पूर्ण बाह्यांचा रॅश व्हेस्ट (पोहण्याचा अंगाबरोबरचा सदरा) आणि लेगिंग घालून पोहणाऱ्या कितीतरी बायका तिथे असतात.

फिरण्यासाठी ग्रेट ओशन रोड, हा समुद्राकाठचा रस्ता, सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ हा रस्ता कोरला. गर्दी टाळायची तर ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रात उभ्या असलेल्या उंच सुळक्यांपाशी, संध्याकाळी पोचा, लांब उजेडाचा फायदा घ्या. माझं मन मात्र विल्सन्स प्रॉमंटरी या समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात रमतं. तिथल्या स्क्वीकी बीचवर कोरड्या वाळूत पाय घासला की वाळू चक्क कुईकुई करते, कारण कण शुद्ध गारगोटीचे (क्वार्ट्झचे), गोल आणि एकसारखे आहेत. नाताळात तिथल्या टायडल रिव्हरला तंबूची जागा सोडतीनं मिळते, अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो. फेब्रुवारीत शाळा सुरू झाल्या की जागाही मिळते आणि पाणीही जास्त उबदार असतं.

यंदा कोणी आई-बाबांना इकडे बोलावत असाल तर सामानात सैल सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि एक लोकरी शाल सांगा. कूल चेंजनंतर शाल लागतेच. तिळगूळ, मेतकूट, मसाले, पापड काहीही आणलं तरी विमानात मिळणाऱ्या कार्डावर ते लिहायचंच. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला मोठा दंड बसतो. ताजी फळं, बिया आणि कढीपत्ता मात्र मुळीच नको. कढीपत्ता माझ्या कुंडीत उन्हाळाभर भरभरून फुटतो, लागेल तेवढा घेऊन जा.