तुम्ही विचारलंत म्हणून: यूएमएल खरंच वापरता का?

कॉलेजमधली मुलं आणि टीममध्ये नवीन आलेले ज्युनियर मला हटकून विचारतात, की परीक्षेसाठी घोकलेलं ते यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना चित्रांतून मांडायची ठरावीक पद्धत) तुम्ही कामावर खरंच वापरता का?

वापरते, पण पुस्तकात दाखवतात तसं नाही. यूएमएलमध्ये एकूण 14 प्रकारच्या डायग्राम आहेत, त्यातल्या मला लागतात दोन किंवा तीन, आणि त्याही नियमाला धरून असतातच असं नाही. संशोधक मारियन पेट्रे यांनी 2013 मध्ये 50 व्यावसायिक डेव्हलपर्सच्या मुलाखतींवर पेपर लिहिला होता, त्यातले 35 जण यूएमएल वापरतच नव्हते. पण बोर्डावर चौकोन आणि बाण न काढणारा डेव्हलपर मला तरी अजून भेटलेला नाही.

माझा सगळ्यात जास्त जीव सिक्वेन्स डायग्रामवर, म्हणजे कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय पाठवतं ते दाखवणाऱ्या चित्रावर. एकदा पेमेंटचा फ्लो सांगताना मी बोर्डावर तीन उभ्या रेषा मारल्या, ॲप, आपला सर्व्हर, पेमेंट गेटवे (प्रत्यक्ष पैसे कापणारी बाहेरची सेवा), आणि बाण काढत गेले, ॲपकडून सर्व्हरला, सर्व्हरकडून गेटवेला, तिथून परत, तेवढ्यात टेस्टिंगवाली म्हणाली, "हा परतीचा बाण आलाच नाही तर?" सगळे गप्प. पैसे तर कापले गेलेत, उत्तर वाटेत हरवलंय, आपला सर्व्हर टाइमआउट झाला म्हणून तीच रिक्वेस्ट परत पाठवणार आणि ग्राहकाचे पैसे दुसऱ्यांदा जाणार! कोड रिव्ह्यू झाला होता, पण रिट्राय, म्हणजे परत पाठवायचा कोड, एका फाइलमध्ये आणि गेटवेचा कॉल दुसऱ्याच, त्यामुळे दोन्ही एकत्र कोणाच्या डोळ्यासमोर आलेच नव्हते. मग प्रत्येक पेमेंटला आयडेम्पोटन्सी की (त्या पेमेंटची स्वतंत्र ओळख) लावली, म्हणजे तीच की परत आली तर गेटवे नव्याने पैसे न कापता आधीचंच उत्तर देतो.

क्लास डायग्राम, म्हणजे कोडमधले क्लास आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र, मात्र मी अख्ख्या सिस्टीमची कधीच काढत नाही. कोड रोज बदलतो, चित्र तिथेच राहतं, आणि सहा महिन्यांनी आलेला माणूस बिचारा त्या चित्रावर विश्वास ठेवून दोन दिवस घालवतो, हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं. म्हणून जे टिकवायचंय ते मर्मेड किंवा प्लँटयूएमएलमध्ये (टेक्स्टवरून चित्र काढून देणारी साधनं) साध्या टेक्स्टमध्ये लिहायचं, कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवायचं, म्हणजे ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (तपासायला पाठवलेल्या बदलात) कोड बदलला त्यातच चित्रही बदलता येतं आणि रिव्ह्यू करणाऱ्याला ते दिसतं (कोड ठेवायची साइट गिटहब 2022 पासून मर्मेडचं चित्र थेट दाखवतं). बोर्डावरचं मी पुसून टाकते, फक्त त्याआधी फोटो काढून त्या कामाच्या नोंदीला, म्हणजे तिकिटाला, जोडते.